मान धरून काढलेले सहा आठवडे

डोक्याला मार लागला की माणसाला दवाखान्यात नेतात, स्कॅन होतो, स्कॅनमध्ये काही निघत नाही आणि घरचे देवापुढे साखर ठेवतात. खरं आजारपण त्यानंतर सुरू होतं, आणि ते कोणी सांगत नाही. मला तरी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून हे लिहितोय. मी काही लिहिणारा माणूस नाही. आचऱ्याला माझी होडी आहे, पंचवीस वर्षं मासेमारी करतोय, आणि कणकवलीच्या कॉलेजात दोन वर्षं काढली तेवढंच माझं शिक्षण. पण मध्यंतरी गावातल्या दोघांनी वेगवेगळं येऊन विचारलं, "रमेश, तुका नेमका काय झाला होता, आणि तू बरो कसो झालस?" दोघांच्याही घरात कोणीतरी डोक्यावर आपटलं होतं. दरवेळी पहिल्यापासून सांगत बसण्यापेक्षा एकदा कागदावर उतरवलेलं बरं.

दुसरंही एक कारण आहे. आबा, म्हणजे माझे वडील, गेल्या श्रावणात गेले. त्या दिवसांची आठवण आली की आता मला माझी भोवळ आठवत नाही, आबाच आठवतात.

होडी वर घेताना

मे संपत आला की आमच्याकडे होड्या पाण्यातून वर घेतात. पावसाळाभर मासेमारी बंद, तेव्हा होडी किनाऱ्यावर उंच जागी न्यायची आणि माडाच्या झापांनी शाकारून ठेवायची. पंधरा-वीस माणसं लागतात. खाली गोल लाकडं टाकतात, दोर धरतात, एकजण आवाज देतो आणि बाकीचे एकदम जोर लावतात. मी मागच्या बाजूला होतो. ओल्या वाळूत पाय सरकला आणि मी पाठच्या पाठी उलांडीवर आपटलो. उलांडी म्हणजे होडीचा तोल सांभाळणारं बाजूचं लाकूड. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण शुद्ध गेली नाही. उठून बसलो आणि विचारलं, "होडी वर इली?" सगळे हसले. दोन मिनिटांनी मी तेच विचारलं, मग पुन्हा तेच. चौथ्यांदा विचारलं तेव्हा कोणी हसलं नाही म्हणे. मला यातलं काहीच आठवत नाही.

माझी बायको सुलभा रिक्षा घेऊनच किनाऱ्यावर आली. कणकवलीला पोचेपर्यंत मी दोनदा ओकलो. स्कॅन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "आत रक्तस्राव नाही. मेंदूला हादरा बसलाय. एक दिवस इथे राहा, बघू." त्या एका दिवसात एक नर्स ठरावीक वेळाने यायची, डोळ्यांत बॅटरी मारायची आणि विचारायची, नाव काय, गाव कुठलं, आज वार कोणता. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "बाई, वार तुम्हीच सांगा. होडी वर घेतली की आम्हाला वार नसतात." ती हसली आणि सुलभाला म्हणाली, यांची काळजी नको. मला मात्र काळजी वाटत होती, कारण वार मला खरंच आठवत नव्हता.

घरी सोडताना हातात कागद दिला. दोन दिवस पूर्ण विश्रांती, नंतर झेपेल तशी हळूहळू हालचाल, आठवड्याने दाखवायला या. पुन्हा उलट्या झाल्या, गुंगी आली, बोलताना अडखळायला झालं तर तडक या. सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. आम्ही त्यातला विश्रांती हा एकच शब्द घरी आणला.

आबांचा उपाय

मी नऊ-दहा वर्षांचा असताना आबा मला पहिल्यांदा होडीतून बाहेर घेऊन गेले. किनारा लांब गेला, लाट आडवी यायला लागली आणि माझ्या पोटात ढवळलं. आबांनी वल्हं न सोडता सांगितलं, "खुणेक डोळो लाव आणि मान हलवू नको." खूण म्हणजे किनाऱ्यावरची न हलणारी वस्तू. आमची सगळी मासेमारीच खुणांवर चालायची. देवळाचा कळस वाकड्या माडाच्या पाठी लपला की जाळं टाकायचं, असं त्यांचं गणित. मी कळसावर डोळे रोवले, मान ताठ केली आणि थोड्या वेळाने ढवळायचं थांबलं. घरी येताना आबांनी मला वल्हं धरायला दिलं. त्या वयात मला आबांना न येणारी एकही गोष्ट माहीत नव्हती.

मी चौदा वर्षांचा झालो आणि ते सगळं संपलं. आबा होडीत पडले, डोकं फळीवर आपटलं. खोक दहा दिवसांत भरली, पण होडीत पाय ठेवला की त्यांना गरगरायचं. देवळात गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवले. कोणी म्हणालं बाहेरचं काही लागलंय. शेवटी काकाने होडी चालवायला घेतली आणि आबा ओटीवर बसून जाळी विणायला लागले. त्यांचं वय तेव्हा एक्केचाळीस होतं. गावात लोक त्यांना बाबल तांडेल म्हणायचे, म्हणजे होडीचा म्होरक्या. आता पाठीमागून म्हणायला लागले, "बाबलो तांडेल भियालो." ते माझ्या कानावर यायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं.

तर अशा या आबांनी मी दवाखान्यातून आल्या आल्या माझ्या खाटेशी येऊन सांगितलं, "रमेश, मान धर. हलवलस तर भोवळ घट्ट बसतली. समोर एक खूण बघ आणि पडान रव." डॉक्टरांच्या कागदापेक्षा मला हे जास्त पटलं. ज्याने आयुष्यभर लाटेवर हाच उपाय केला त्याला दुसरं काय पटणार.

अंधाऱ्या खोलीत

मी सहा आठवडे मान धरून काढले. खिडकीला सुलभाने घोंगडी लावली. उजेड सहन होत नव्हता, कुकरची शिट्टी डोक्यात घुसायची, मोबाइलवर दोन ओळी वाचल्या तर अक्षरं पोहायला लागायची. जेवताना पाण्याचा तांब्या डावीकडे असेल तर मी मान न वळवता सगळं अंगच वळवायचो. आठवड्याने दाखवायला जायचं ते गेलोच नाही. गाडीत भोवळ येते, मग जायचं कसं, हे माझं उत्तर तयार असायचं.

गंमत अशी की मी जितका कमी हलत होतो तितकं कमी हलल्यावरही गरगरायला लागलं. आधी पायऱ्या उतरताना व्हायचं, मग न्हाणीपर्यंत जाताना, मग कुशीवर वळतानाही. सुलभाच्या नाकी नऊ आले होते. घर तिनेच बघायचं, गाय तिनेच बघायची, आणि भांडं पडलं तर माझी बोलणीही तिनेच खायची. एक दिवस ताट ठेवता ठेवता ती म्हणाली, "आबांचा जां झाला तांच तुमचा होतला. माका दिसता." ती रडली नाही, ताट ठेवून निघून गेली. मलाही तेच दिसत होतं. ऑगस्टात होड्या पाण्यात जाणार. माझी गेली नाही तर मीही एकोणपन्नासाव्या वर्षी ओटीवर जाळी विणत बसणार, आणि गाव म्हणणार, रमेशही भियालो.

त्याच दुपारी आबा नेहमीसारखे आत आले आणि म्हणाले, "मान धरलंस मा?" माझा तोल गेला. मी बोललो, "तुमचा ऐकान मी हंय पडलंय. तुमी भियालास, घरात बसलास. आता माका पण बसवतास?"

आबांनी दाराची चौकट धरली आणि सगळं अंग वळवून ते बाहेर गेले. आई गेल्यानंतर त्या माणसाने माझ्याकडून काही मागितलं नव्हतं. ते वाक्य मला परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

मंगळवार

दुसऱ्या दिवशी सुलभाने मला काही न विचारता रिक्षा बोलावली. डॉक्टरांनी तपासलं आणि आम्ही सहा आठवडे काय केलं ते ऐकून कपाळावर हात मारला. "अहो, दोन दिवस विश्रांती म्हणजे दोनच दिवस," ते म्हणाले आणि त्यांनी मला फिजिओथेरपीला पाठवलं. माझी समजूत अशी की फिजिओथेरपी गुडघ्यांची असते. डोक्याला काय मालिश करणार?

तिथली तेजश्री मॅडम वयाने माझ्या पुतणीएवढी. आधी तिने मानेचे स्नायू दाबून बघितले आणि एका जागी मी ओरडलोच. "मार डोक्याला लागला, पण झटका मानेलाही बसलाय," ती म्हणाली. "आणि कान, डोळे, मान यांचा एकमेकांशी मेळ असतो, तो बिघडलाय. तो हलल्याशिवाय परत बसत नाही." मी तिला आबांचा उपाय सांगितला. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. तिचे आजोबा आरोंद्याचे, खाडीत होडी असलेले. तिने स्वतःच्या कपाळावरची टिकली काढून समोरच्या भिंतीवर चिकटवली आणि ऑफिसची भाषा सोडून म्हणाली, "काकानू, होडी हलता तेवा तुमचो उपाय बरो. आता तुमी जमिनीवर आसात. खूण धरा, पण मान सोडा."

टिकलीवर नजर ठेवायची आणि मान नाही म्हटल्यासारखी डावी-उजवी करायची. दहा वेळा. चौथ्या वेळेला भिंत सरकली, सातव्याला मी खुर्ची पकडली, दहाव्याला घामाने भिजलो. ती घड्याळ बघत शांत उभी होती. म्हणाली, "थोडं गरगरणार. थोड्या वेळात उतरलं तर आपण बरोबर चाललोय. उतरलं नाही तर मला सांगायचं, आपण कमी करू." मी खुर्चीला धरून वाट बघितली, आणि ते उतरलं. सहा आठवडे मी भोवळ यायची वाट बघत होतो. ती उतरायची वाट मी पहिल्यांदाच बघितली.

तेव्हापासून दर मंगळवारी कणकवली. घरी सुलभाने दाराला टिकली लावली आणि दिवसातून तीन वेळा मी दारासमोर उभा राहून मान हलवायचो. शेजारच्या भागीकाकूने दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "सुलभा, तुझो घोव दाराक नाय नाय कित्याक म्हणता गो?" सुलभा म्हणाली, "माका म्हणूक जमणा नाय, म्हणान दाराक म्हणतत." पुढे एका रेषेवर पावलापुढे पाऊल ठेवून चालणं आलं, मग चालता चालता मान वळवणं, मग डोळे मिटून उशीवर उभं राहणं. सुलभा आकडे मोजायची, आणि मी चुकलो की मुद्दाम पहिल्यापासून मोजायची. खिडकीवरची घोंगडी एक दिवस तिने काढून धुवायलाच टाकली.

कधी दोन पावलं पुढे, कधी तीन मागे. एका मंगळवारी मॅडमने आम्हाला बाजारात पाठवलं. दोन्ही बाजूंची दुकानं बघत शेवटापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढाच व्यायाम. मी अर्ध्यावरून परत आलो आणि रडकुंडीला येऊन म्हटलं, हे माझ्याच्याने होणार नाही. ती म्हणाली, "मागच्या मंगळवारी तुम्ही इथल्या पायरीवरच बसून राहिला होतात." एवढंच बोलली आणि पुढचा व्यायाम लिहून दिला. परतीच्या एसटीची वाट बघताना सुलभाने कांदाभजी घेतली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, पण आम्ही दोघांनी असं काही काम नसताना बाकावर बसून भजी खाल्ल्याचं मला आठवत नव्हतं. आता बरा झाल्यावर मंगळवार येतो, मी होडीवर असतो, ती घरी असते. तेव्हा वाटतं की आठवड्यातून एकदा थोडी भोवळ आली असती तरी चाललं असतं.

आबा कणकवलीला

पाचव्या मंगळवारी सुलभाला ताप होता. मी एकटा जायला निघालो तर आबा चपला घालून ओटीवर उभे. त्या भांडणानंतर आम्ही कामापुरतं बोलत होतो. "मी येतंय," ते म्हणाले. शहात्तर वर्षांचा माणूस खुर्चीत ताठ बसून तासभर माझे व्यायाम बघत राहिला.

मध्येच मॅडमने बाजूने हाक मारली, "आजोबा, चहा घेणार?" आबा खुर्चीतून अर्धवट उठून सगळेच्या सगळे तिच्याकडे वळले. तिने ते बघितलं. चहा तसाच ठेवून ती त्यांच्यासमोर बसली.

"आजोबा, मान दुखते?"

"नाय. सवय."

"कधीपासून?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. "ह्येका चवदावा वर्स होता."

तिने हळूहळू विचारलं आणि आबांनी सगळं सांगितलं. पडले कसे, नंतर गरगरायचं कसं, मान हलवली नाही तर बरं वाटायचं म्हणून हलवायचीच नाही असं कसं ठरवलं. मी घरात चौतीस-पस्तीस वर्षं त्यांना अंग वळवताना बघत आलो होतो आणि मला तो त्यांचा स्वभाव वाटत होता. सहा आठवडे मी स्वतः तांब्यासाठी तसाच वळलो, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

"तेव्हा नेमकं काय झालं होतं ते आता सांगता येणार नाही," मॅडम म्हणाली. "पण तुम्ही घाबरलात म्हणून गरगरत होतं असं मला वाटत नाही. गरगरत होतं, म्हणून घाबरलात. कोणीही घाबरेल."

आबांनी तिच्या भिंतीवरच्या टिकलीकडे बघितलं. मग म्हणाले, "माका तेवा कोणी सांगूक नाय."

मी बाहेर गेलो आणि नळावर तोंड धुतलं. येताना एसटीत मी त्यांना म्हटलं, "आबा, त्या दिवशी मी बोललंय तां..." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "तुका पण कोणी सांगूक नव्हता," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

मॅडमने डॉक्टरांना विचारून आबांनाही मानेचे दोन-तीन हलके व्यायाम दिले. पुढचे तीन महिने आमच्या दारासमोर दोन माणसं उभी राहून नाही नाही म्हणायची. भागीकाकूने विचारणंच सोडून दिलं.

पाण्यात

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला मी समुद्राला नारळ दिला आणि तसाच घरी आलो. होडी शाकारलेलीच राहिली. 'भियालो' म्हणायला कोणी तोंड उघडायची गरजच नव्हती. घाई करायची नाही हे मॅडमने इतक्यांदा बजावलं होतं की मी कानाला खडा लावला होता. तुमच्यापैकी कोणी यातून जात असेल तर एवढं ऐका. पहिले दोन दिवस शांत पडा. मग पडून राहू नका, आणि एकट्याने मर्दुमकीही करू नका. जाणत्या माणसाला दाखवा आणि तो सांगेल तेवढंच, पण रोज हला. बरं होणं मला कधी एका दिवशी दिसलं नाही. फक्त मागच्या मंगळवारकडे बघितलं की दिसायचं.

दिवाळी झाल्यावर मी होडीत उभा राहिलो. पुतण्या इंजिनावर होता. खाडीच्या तोंडाशी लाट आली, पाय लटपटले आणि जुन्या सवयीने मान ताठ झाली. मी ती सोडली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, भोवळ आली आणि उतरली. त्या दिवशी जाळ्यात फारसं काही नव्हतं, पण मी घरी येऊन दोन माणसांचं जेवलो.

जानेवारीत एका सकाळी समुद्र निवांत होता. आबा ओटीवरून उठले आणि माझ्या मागून किनाऱ्यावर आले. मी होडीत चढलो तर त्यांनीही हात पुढे केला. मी त्यांना वर घेतलं. लुंगी खोचून ते फळीवर बसले, दोन्ही हातांनी काठ धरून. खाडीच्या बाहेर पडेपर्यंत ते एकदा या किनाऱ्याकडे आणि एकदा त्या किनाऱ्याकडे बघत होते. मग पहिली मोठी लाट होडीखालून गेली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. काठावर वाकून ते ओकले. थोडं थांबून पुन्हा ओकले. मी घाबरलो, चूक केली असं वाटलं आणि इंजिनाचा दांडा किनाऱ्याकडे फिरवला.

आबांनी पंच्याने तोंड पुसलं आणि माझ्या मनगटावर हात ठेवला.

"खंय वळवतस?"

"घराक."

"इतक्यात?" ते म्हणाले. "पस्तीस वर्सांनी इलंय रे. जरा फुडे ने."

मी दांडा सरळ केला आणि होडी पुढे नेली.